थंडी सरताना बागेतले पक्षी असे का वागायला लागतात? (शिंजीर, दयाळ आणि गुपचूप जाणारे पाहुणे)

अंगणवेडी:
नमस्कार मंडळी. घरामागच्या छोट्या बागेत येणारे पक्षी बघायचा नाद लागलाय मला, कॅमेरा वगैरे काही नाही, साधी दुर्बीण आणि एक वही. थंडीभर पक्षी असतात भरपूर पण सगळे आपापलं पोट भरण्यात गुंतलेले, आणि मग फेब्रुवारी अर्धा सरला की काहीतरी बदलतं, पक्षी तेच, झाडं तीच, पण वागणं एकदम वेगळं. यंदा तीन गोष्टी बघितल्यात, त्याबद्दल जाणकारांना विचारायचंय.

पहिली म्हणजे जास्वंदीवर येणारा शिंजीर. पोट पिवळं, पाठ मळकट तपकिरी आणि गळ्यापासून खाली पोटावर मधोमध एक काळसर पट्टा. आता त्याच्या अंगावर मधेमधे चमकदार निळे-जांभळे डाग यायला लागलेत, डोकं अर्धं काळं अर्धं मळकट, एकंदर अवतारच झालाय बिचाऱ्याचा. आजारी आहे का? की वेगळीच जात आहे ही?

दुसरी, एक दयाळ नर रोज सकाळी खिडकीच्या काचेवर येऊन धडका देतो, चोच मारतो, थोडा वेळ समोरच्या फांदीवर जाऊन बसतो आणि परत येतो. काच फुटणार नाही पण त्याला इजा होईल याची भीती वाटते.

आणि तिसरी, जी मला सगळ्यात जास्त सतावते. थंडीचे पाहुणे आले की लगेच कळतं, पावसाळा संपल्यावर पहिला थिरथिरा कुंपणावर शेपटी थरथरवताना दिसला की मी लगेच तारीख लिहिते. पण तो जातो कधी तेच कळत नाही! एक दिवस नुसतं लक्षात येतं की अरे, बरेच दिवस झाले दिसला नाही. वहीत आल्याच्या तारखा सगळ्या आहेत, गेल्याची एकही खात्रीची नाही. तुम्ही लोक हे कसं टिपता?

रानवारा:
शिंजीर अगदी ठणठणीत आहे, काळजी करू नका. हा जांभळा शिंजीर, नर. विणीचा हंगाम संपला की या नराचा तो झगझगीत काळा-जांभळा रंग उतरतो आणि तो जवळजवळ मादीसारखा दिसायला लागतो, वरून मळकट खालून पिवळा, फक्त गळ्यावरून खाली येणारा तो गडद पट्टा आणि पंखांचा जरा जास्त काळपट रंग यावरून नर ओळखायचा. थंडी संपत आली की पिसं बदलून पुन्हा मूळ रंग चढतो आणि ते काही एका रात्रीत होत नाही, म्हणून मधल्या काळात तुम्ही बघताय तसा चट्ट्यापट्ट्यांचा नर दिसतो. बरेच लोक त्याला तिसरीच जात समजून फोटो टाकतात.

माझ्या मते बागेत बसून वसंत बघायचा असेल तर याच्याइतका चांगला पक्षी नाही. रोज एकाच फुलझाडावर येतो, त्यामुळे तोच तो नर असण्याची शक्यता बरीच, आणि आज डोकं किती काळं झालं, खांद्यावर चमक आली का, पोटाचा पिवळा कुठपर्यंत उरला हे अक्षरशः आठवड्या-आठवड्याला बघता येतं. साधं चित्र काढून ठेवा वहीत, पक्ष्याची बाह्यरेखा आणि त्यात काळं झालेलं तेवढं पेन्सिलीनं भरायचं, चित्रकला यायची काही गरज नाही. पूर्ण रंग चढला की तो उंच टोकावर बसून जोरजोरात ‘चीविट चीविट’ करायला लागेल, आणि मादीसमोर आला की काखेतले पिवळे-केशरी पिसांचे झुबके फुलवून दाखवेल, एरवी ते झाकलेले असतात. ते दिसले तर नक्की लिहा इथे, कारण ते दिसायला नशीब लागतं.

एक लक्षात असू द्या, जांभळ्या पाठीचा शिंजीर म्हणून दुसरा जो बागेत येतो, पिवळ्या पोटाचा आणि तांबूस-किरमिजी पंखांचा, त्याचा नर असा रंग बदलत नाही, वर्षभर रंगीतच असतो. त्यामुळे थंडीत एक नर रंगीत आणि एक मळकट दिसला तर गोंधळू नका.

गच्चीवरून:
दयाळचं सांगतो. काचेत त्याला स्वतःचंच प्रतिबिंब दिसतंय आणि त्याला वाटतंय की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय. खरा नर असता तर दोनचार वेळा अंगावर गेल्यावर पळून गेला असता, हा काही हटत नाही म्हणून तोही थांबत नाही. विणीच्या दिवसांत बुलबुल, धोबी, शिंजीर पण असं करतात, काचेवर किंवा गाडीच्या आरशावर.

उपाय एकच, प्रतिबिंब घालवायचं आणि ते काचेच्या बाहेरच्या बाजूनं. आतून पडदा ओढला तर उलट काच आणखी आरशासारखी होते हे पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. बाहेरून वर्तमानपत्र चिकटवा, साबणाचं पाणी फासा, जुनी चादर टांगा, काहीही चालेल, फक्त तो ज्या भागावर येतो तेवढा झाकला पाहिजे. गाडी असेल तर आरशावर फडकं बांधा. हे कायमचं करायची गरज नाही, अंगातला जोर ओसरला की काही आठवड्यांत बंद होतं. पण तोवर तसंच सोडू नका, कारण त्या धडकांनी तो सहसा मरत नसला तरी दिवसातला खाण्याचा आणि गाण्याचा वेळ सगळा त्या काचेपायी जातो.

दुर्बीण:
वरच्या दोन्ही उत्तरांना अनुमोदन. मला यातल्या ‘का’ बद्दल थोडं लिहायचंय कारण प्रश्नाचं शीर्षकच तसं आहे, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आपल्याला वाटतं ऊन तापायला लागलं म्हणून पक्षी गायला लागले. ऊब, पाणी, अन्न याचा परिणाम होतोच, पण मुख्य घड्याळ आहे ते दिवसाच्या लांबीचं. कॅनडातल्या अल्बर्टामध्ये विल्यम रोवन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं 1920च्या दशकात हे दाखवलं. त्यानं जुंको नावाचे छोटे पक्षी कडाक्याच्या थंडीत उघड्या पिंजऱ्यात ठेवले आणि संध्याकाळी विजेचे दिवे लावून त्यांचा दिवस थोडाथोडा लांबवत नेला. बाहेर बर्फ, आणि या पक्ष्यांची जननेंद्रियं वसंतात वाढावीत तशी ऐन हिवाळ्यात वाढली. म्हणजे थंडी तशीच होती, फक्त उजेड वाढला होता.

आणखी मजेची गोष्ट म्हणजे हा उजेड पक्ष्यांना फक्त डोळ्यांनी कळत नाही. त्यांच्या मेंदूच्या आत खोलवर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपणारा उजेड त्यांच्यापर्यंत पोचतो. तिथून हार्मोन्सची साखळी सुरू होते, एरवी आकसून बसलेली जननेंद्रियं वाढतात, आणि गाणाऱ्या पक्ष्यांमध्ये मेंदूतले गाण्याचे भागही वाढतात. फर्नांडो नॉटेबोमनं कॅनरी पक्ष्यांवर 1981 मध्ये हे दाखवलं होतं, वसंतात मोठे आणि हंगाम संपल्यावर लहान.

आता कुणी म्हणेल की आपल्या अक्षांशावर दिवस लहानमोठा होतो तो कितीसा. खरंय, डिसेंबरच्या सर्वात लहान दिवशी साधारण 11 तास आणि जूनच्या सर्वात मोठ्या दिवशी सव्वातेरा, उत्तरेकडच्या देशांच्या मानानं काहीच नाही. पण पनामाच्या जंगलातल्या स्पॉटेड अँटबर्ड या पक्ष्यावरचा 1998चा अभ्यास आहे, त्याला दिवसात फक्त 17 मिनिटांची वाढ केलेली कळली आणि त्याचं शरीर विणीच्या तयारीला लागलं. त्यामुळे फेब्रुवारीतला वाढता उजेड आपल्या दयाळला कळत नसेल असं मला तरी वाटत नाही. अर्थात आपल्याकडच्या बऱ्याच पक्ष्यांसाठी पाऊस आणि किडे हेही तितकंच मोठं कारण आहे, म्हणून तर सुगरण पावसाळ्यात घरटं विणते आणि कावळे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात काड्या गोळा करतात. सगळ्यांचा वसंत एकाच वेळी येत नाही.

बागेत याची चिन्हं बघायची असतील तर कान आधी लावा. दयाळ थंडीत पण असतोच, फक्त ‘चर्र चर्र’ असा कर्कश आवाज काढतो आणि झुडपाखाली फिरतो. फेब्रुवारीत तोच आधी हळू आवाजात, तुटक तुटक, पुटपुटल्यासारखं गायला लागतो आणि नंतर उंच टोक गाठून खुलं गाणं. तांबट पण तसाच, ऐन थंडीत जवळजवळ मुका, आणि ऊन चढायला लागलं की दिवसभर ‘टुक टुक टुक’. त्याच्याकडे दुर्बिणीतून बघा कधी, आवाज काढताना चोच बंद असते आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंची उघडी कातडी प्रत्येक टुकेला फुगते. शिवाय तो डोकं इकडून तिकडे वळवत राहतो त्यामुळे आवाज कुठून येतोय तेच कळत नाही. कोकीळ पण कुठे गेलेला नसतो थंडीत, गप्प असतो एवढंच.

आणि शिंपी पक्ष्याची शेपटी बघा! विणीच्या काळात नराच्या शेपटीची मधली दोन पिसं लांब वाढतात, एकदम टाचणीसारखी बाहेर येतात. ती दिसायला लागली म्हणजे कुठेतरी जवळच रुंद पानं शिवली जाणार.

अंगणवेडी:
बापरे, किती छान माहिती! कवटीतून उजेड कळतो हे तर पहिल्यांदाच ऐकलं. बाहेरून कागद लावलाय काचेला, आज सकाळी दयाळ आला, इकडेतिकडे बघितलं आणि गेला. शिंजिराचं चित्र आजपासून सुरू.

पण माझा तिसरा प्रश्न राहिलाच की. थिरथिरा, ती छोटी ‘चक चक’ करणारी मातकट चिमणीएवढी वटवटी, करडा धोबी, हे सगळे कधी जातात ते कसं पकडायचं?

पाणकणीस:
अंगणवेडी ताई, तुमचा तिसरा प्रश्नच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर कुणी फारसं बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आलेला पक्षी दिसतो, गेलेला पक्षी दिसत नाही, साधी गोष्ट आहे. त्यात परत हे छोटे पक्षी बहुतेक करून रात्री निघतात. संध्याकाळी झुडपात होता आणि सकाळी नाही, निरोप बघायला मिळतच नाही कुणाला. त्यामुळे गेल्याची तारीख हवी असेल तर ‘दिसला’ एवढंच लिहून भागत नाही, ‘नाही दिसला’ हे पण लिहावं लागतं. मी अशी हजेरी ठेवते. रोज साधारण त्याच वेळी, त्याच जागी, पंधरा मिनिटं, आणि थंडीच्या पाहुण्यांची एक छोटी यादी समोर. प्रत्येक नावापुढे हो किंवा नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून एप्रिल संपेपर्यंत. नाहीची ओळ लागली तरी लगेच सोडायचं नाही, कारण पुढचे दोनेक आठवडे मधेच एखादा हो येतो. तो तुमचा असेल किंवा आणखी दक्षिणेकडून वर जाणारा वाटसरू असेल, हे मात्र सांगता येणार नाही, दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून मी ‘शेवटचा दिसला’ असं लिहिते, ‘गेला’ असं लिहित नाही.

ती ‘चक चक’ करणारी बहुधा ब्लिथचा वटवट्या असणार. दाट झुडपातून सहसा बाहेर येत नाही, आवाजावरूनच कळतो. हा फिनलंडपासून सैबेरियापर्यंत वीण करतो आणि थंडी आपल्या झुडपांत काढतो, विचार करा, एवढासा जीव. निघायच्या आधी या पक्ष्यांच्या अंगावर चरबी चढते, लांब उड्डाण करणारे काही छोटे पक्षी तर वजन जवळजवळ दुप्पट करतात. त्यामुळे मार्चमध्ये तो नेहमीपेक्षा जास्त वेळ, जास्त उघड्यावर, अधाशासारखे किडे टिपताना दिसला तर ते लिहून ठेवा. आणि कान उघडे ठेवा, थंडीभर नुसतं ‘चक’ करणारा हा पक्षी निघण्याच्या सुमारास कधीकधी चक्क गातो. आपल्या झुडपात बसून तो तिकडच्या गाण्याची तयारी करतो, ते ऐकलं की मला फार भरून येतं.

हे सगळं ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायचं संकेतस्थळ) टाकत असाल तर यादी भरताना ‘ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले का’ असं विचारतात, तिथे प्रामाणिकपणे हो म्हणता येईल अशीच यादी करा. कारण मगच यादीत नसलेला पक्षी म्हणजे खरोखर न दिसलेला असा अर्थ निघतो. फक्त खास पक्षी तेवढे लिहिले आणि कावळा-साळुंकी सोडून दिली तर त्या नोंदीचा जीवच जातो.

रानवारा:
पाणकणीस, हे सोन्यासारखं सांगितलंत. ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट पण बरोबर याच काळात असतो, फेब्रुवारीत चार दिवस. 1998 मध्ये अमेरिका-कॅनडात सुरू झाला आणि 2013 पासून जगभर चालतो, किमान पंधरा मिनिटं बघायचं आणि मोजायचं, घरची बाग पण चालते. नवीन लोकांनी तिथून सुरुवात करावी.

मर्लिन ॲपचा आवाज ओळखायचा भाग वापरत असाल तर जपून. दयाळ दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो, ॲप फसू शकतं. ॲपनं नाव सुचवलं तर पक्षी डोळ्यांनी बघा, मगच लिहा.

चैत्रपालवी:
सगळे बघण्याबद्दल बोलतायत, मी बागेबद्दल बोलते कारण याच दिवसांत लोक कात्री घेऊन छाटणीला निघतात. पानगळ झाली, बाग उघडीबोडकी दिसते, म्हणून साफसफाई. कृपा करून आधी झुडूप नीट बघा. लालबुड्या बुलबुल अगदी कमरेच्या उंचीवर, कुंडीतल्या झाडात सुद्धा वाटीसारखं घरटं करतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरुवात झालेली असते. अंडी उबायला साधारण दोन आठवडे आणि पिल्लं बाहेर पडायला त्याहून थोडे कमी दिवस, म्हणजे महिनाभर छाटणी पुढे ढकलली तर एक अख्खं कुटुंब वाचतं.

वाळकी फांदी धोक्याची नसेल तर राहू द्या. तांबट तिच्याच खालच्या बाजूला भोक पाडून घर करतो, ताज्या लाकडात त्याची चोच चालत नाही.

कोळ्याची जाळी! बाहेरच्या भिंतीवरची, वळचणीची जाळी झाडू नका या दिवसांत. शिंजीर मादी जाळ्यांनीच घरटं बांधते, लोंबतं ठेवते, वर सालीचे तुकडे आणि अळ्यांची विष्ठा असलं काहीबाही चिकटवते की बघणाऱ्याला कचरा अडकलाय असंच वाटतं. चष्मेवाला आणि शिंपी पण जाळी वापरतात. शिंजीर मादी एकाच ठिकाणी परत परत येऊन कोपऱ्यात चोच खुपसताना दिसली तर ती तेच गोळा करतेय.

आणि औषध फवारू नका. पिल्लांना किडे लागतात, फुलातला रस पिणारा शिंजीर सुद्धा पिल्लांना कोळी आणि किडे भरवतो, दाणे खाणारी चिमणी पण अळ्याच भरवते. मावा दिसला की बाटली घेऊन धावायचं हे मला अजिबात पटत नाही, थोडं थांबा, चष्मेवाल्यांची टोळी येऊन साफ करून जाते.

निवांत_सकाळ:
मी दाणे ठेवते पण सगळी कबुतरंच येतात, बाकी कुणी फिरकत नाही. काय करू?

चैत्रपालवी:
दाणे बंद करा आणि पाणी ठेवा. उथळ, खडबडीत तळाचं भांडं, दोनतीन सेंटीमीटरपेक्षा जास्त पाणी नको, आणि रोज बदला, घासून. दयाळ, बुलबुल, शिंपी, नाचण यातलं दाण्याला कुणीच येत नाही पण पाण्याला सगळे येतात. भांडं मोकळ्यावर ठेवा म्हणजे मांजर दबा धरून बसणार नाही, पण लगेच उडून बसायला एखादी फांदी जवळ असावी.

गच्चीवरून:
घरट्याच्या फोटोंबद्दल पण कुणीतरी बोला. लोक पानं बाजूला करून फोटो काढतात, मग त्या घरट्यावर ऊन येतं आणि कावळ्याला वाट सापडते. कावळा माणसावर बारीक लक्ष ठेवून असतो. दुर्बिणीतून बघा, लांबून बघा, घरट्याकडे जायचा रोजचा रस्ता पाडू नका.

आणि अर्धवट पिसांचं, आखूड शेपटीचं पिल्लू खाली बसलेलं दिसलं तर उचलून घरात आणू नका. बऱ्याचदा ते नुकतंच घरट्यातून निघालेलं असतं आणि आईबाप जवळच असतात. मांजराचा धोका असेल तर जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब जा. माणसाचा हात लागला की आईबाप टाकून देतात हे खरं नाही.

अंगणवेडी:
सगळ्यांचे मनापासून आभार. छाटणीचा बेत रद्द केलाय आणि हजेरीचा तक्ता आखलाय. आजच्या हजेरीत थिरथिरा हो, करडा धोबी हो, वटवट्या फक्त आवाज. आवाजाला वेगळी खूण करावी का? आणि भोरड्यांचं काय, त्या बागेत उतरत नाहीत पण संध्याकाळी वरून थवेच्या थवे जातात, त्या यादीत घ्यायच्या का?

पाणकणीस:
हो, आवाजाला वेगळी खूण कराच, म्हणजे मी ‘आ’ लिहिते. पुढे कधी पानं दाट झाली आणि पक्षी दिसेनासा झाला तर त्या खुणेचाच उपयोग होतो.

भोरड्या नक्की घ्या. त्या मध्य आशिया आणि पूर्व युरोपाकडून येतात, पळस-सावरीच्या फुलांवर तुटून पडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत निघतात. बागेवरून उडत गेल्या तरी नोंद होते, फक्त ‘वरून’ असं लिहा आणि त्या कोणत्या दिशेला गेल्या ते पण. संध्याकाळच्या फेऱ्या रातथाऱ्याकडे असतात त्यामुळे रोजची दिशा एकच असते, ती बदलली किंवा थवे लहान होत गेले तर लक्षात येईल. मोजताना एकेक मोजत बसू नका, आधी दहा पक्षी म्हणजे आकाशात केवढा तुकडा ते डोळ्यात बसवा आणि मग तसे किती तुकडे ते मोजा.